संध्याकाळपर्यंत रॅकवरचा माल मिसळतो आणि आडवा होतो: कारण कसं शोधायचं, कप्पे कसे पाडायचे

सकाळी नऊ वाजता रॅक बघावा तर प्रत्येक पुडा आपापल्या जागी उभा. संध्याकाळी सातला तोच रॅक बघा: हळदीच्या कप्प्यात धनेपूड, साबणांवर आडवी पडलेली टूथपेस्ट, मागे कोपऱ्यात घुसलेली शेवयांची दोन पाकिटं. रोज रात्री दुकान बंद केल्यावर पाऊण तास माल सरळ करण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किराणा, जनरल स्टोअर्स किंवा छोटी सुपर शॉपी चालवणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते आणि बहुतेक जण दोष कामाच्या पोरांना देतात. मीही दोन वर्षं तेच केलं. पोरं बदलली, दम दिला, रॅकची जबाबदारी वाटून दिली. फरक शून्य.

फरक पडला तो फळीवर मोजपट्टी ठेवल्यावर. रोजच्या रोज एकाच जागी माल विस्कटत असेल, तर त्या जागेचं माप चुकलंय असं धरून तपासायला लागा. खाली लिहिलंय ते सगळं आमच्या तालुक्याच्या गावातल्या दुकानात करून बघितलेलं आहे.

आधी मूळ अडचण समजून घेऊ

आमचे आप्पा दुकानात बसायचे तेव्हा गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं असायचं आणि फळीला फक्त आप्पांचा हात लागायचा. मागे कडप्प्याच्या फळ्या, त्यावर डबे, बरण्या आणि पुडे. आप्पांना डोळे मिटूनही जिरं सापडायचं, त्यामुळे कप्पे पाडायची गरजच नव्हती. गिऱ्हाइकाने स्वतः रॅकमधून माल उचलायचा ही पद्धत 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ नावाच्या दुकानाने सुरू केली. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत ती अगदी अलीकडे आली. पण आपण काउंटर काढला, लोखंडी रॅक आणला आणि माल मात्र आप्पांच्या हिशोबानेच लावत राहिलो. आता फळीला दिवसभरात शंभर अनोळखी हात लागतात. आणि मुख्य म्हणजे ते हात माल नुसता उचलत नाहीत, परतही ठेवतात.

मी एक दिवस गल्ल्यावर न बसता मसाल्याच्या रॅकजवळ उभा राहिलो. एक काकू आल्या. कांदा-लसूण मसाल्याचा पुडा ओढला, चष्मा वर करून तारीख बघितली, किंमत बघितली आणि परत ठेवायला गेल्या. जागाच नव्हती. पुडे इतके गच्च भरलेले होते, की एक निघाल्याबरोबर मागचे पुडे फुगून पुढे सरकले आणि फट बुजली. काकूंनी दोनदा बोटाने ढकलून बघितलं, मग तो पुडा शेजारच्या कप्प्यात, हळदीच्या पुढे, अलगद उभा करून ठेवला. त्यांनी अगदी नीट, जपून ठेवला होता. पण चुकीच्या जागी, कारण योग्य जागा आम्हीच भरून टाकली होती.

तासाभरात असं अकरा वेळा झालं.

पहिली तपासणी: रॅक सरळ आहे का

कप्प्यांना हात लावण्याआधी हे बघा, नाहीतर पुढची मेहनत वाया जाईल. फळी रिकामी करा आणि मधोमध एक काचेची गोटी ठेवा. गोटी पुढे घरंगळली तर रॅक पुढे झुकलाय. पुडे आपोआप पुढे येऊन पडणार. एका बाजूला गेली तर सगळा माल त्या बाजूला रेलणार. शहाबादी फरशीच्या दुकानात हे हमखास असतं. लोखंडी रॅकच्या पायांना खाली स्क्रू असतात, ते फिरवून पाय वरखाली करता येतो. रॅक बसवणारा माणूस घाईत असेल तर तो ते तसेच सोडून जातो. आमच्याकडे चारपैकी तीन रॅकचे स्क्रू कधी फिरवलेलेच नव्हते.

गोटी दोन्ही टोकांकडून मध्ये येत असेल तर फळी वाकलीय. अशा फळीवरचं वजन कमी करा. एक लिटर तेलाची पिशवी साधारण 910 ग्रॅमची, म्हणजे बारा पिशव्यांचा एक खोका अकरा किलोच्या आसपास. असे चार खोके मधल्या फळीवर ठेवले की पत्रा वाकणारच. तेल, आटा, तांदूळ, साखर हे सगळं तळाच्या फळीवर. तेलाच्या पिशव्यांना तर कप्पे पाडूच नका. त्या लोळतात, त्यांना प्लॅस्टिकचं क्रेटच लागतं. शिवाय एखादी पिशवी गळली तर तेल क्रेटच्या खाली जातं, शेजारच्या रव्याच्या पुड्यात शिरत नाही.

पुडे आडवे पडतात किंवा दुसरा माल मध्ये घुसतो

सगळ्यांत जास्त त्रास याचा, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आमची मसाल्याची फळी आतून 89 सेंमी आहे. मी तिचे पाच सारखे भाग केले होते, दिसायला छान म्हणून. प्रत्येक कप्पा साधारण साडेसतरा सेंमीचा झाला. आमच्याकडच्या 100 ग्रॅमच्या पुड्याची रुंदी साडेअकरा. म्हणजे प्रत्येक कप्प्यात दीड पुड्याची जागा. एक पुडा उभा राहतो आणि बाजूला सहा सेंमी मोकळे. त्या मोकळ्या जागेत काय होतं? पुडा तिरका होतो, मग आडवा पडतो. नाहीतर गिऱ्हाईक दुसरा माल तिथे खोचून जातं. नाहीतर पोरगा माल भरताना जागा फुकट जाऊ नये म्हणून पुडे कडेने आडवे कोंबतो. हा दीड पुड्याचा कप्पा हीच निम्म्या पसाऱ्याची मुळी आहे. कप्पा एका पुड्याचा असावा किंवा दोन पुड्यांचा. दीडाचा कधीही नको.

माप असं काढा. पुड्याची रुंदी, त्यात 1 सेंमी बोट जाण्यासाठी, त्यात आडपट्टीची, म्हणजे दोन कप्प्यांमधल्या उभ्या पट्टीची, जाडी. आम्ही 5 मिमीचा सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमचा हलका बोर्ड) वापरला, म्हणून 11.5 + 1 + 0.5 = 13 सेंमी. 89 सेंमीत असे सहा कप्पे बसले, 78 सेंमी गेले. उरलेल्या 11 सेंमीत 50 ग्रॅमच्या पुड्यांचा एक कप्पा काढला, त्या पुड्याची रुंदी 9 सेंमी आहे. पाचाच्या जागी सात कप्पे झाले आणि एकही मोकळी फट राहिली नाही. तुमच्या पुड्यांची मापं वेगळी असतील, तेव्हा आकडे माझे घेऊ नका. आणि माप भरलेल्या पुड्याचं घ्या, दाबून सपाट केलेल्याचं नको.

खोलीचंही तेच. फळी 40 सेंमी खोल आणि पुड्याची जाडी 4 सेंमी, तर दहा पुडे बसतात. बसवा नऊच. ती एका पुड्याची मोकळी जागा म्हणजे त्या काकूंना परत ठेवायला ठेवलेली जागा आहे. मला सुरुवातीला फार जड गेलं हे. रॅक गच्च भरलेला दिसला की दुकान भरलेलं वाटतं, आप्पांची शिकवणच ती. पण दहावा पुडा काढल्यापासून मसाल्याच्या फळीवरची सरमिसळ इतकी कमी झाली, की मग तेच साबण, बिस्किटं आणि चहाच्या फळ्यांवरही केलं.

उंची राहिली. पुडा 16 सेंमीचा आणि वरची फळी 30 सेंमीवर असेल, तर मधल्या जागेत कोणीतरी दुसरा थर आडवा रचतंच. तो थर दुपारपर्यंत पडतो. आमच्या रॅकच्या खांबाला दर 5 सेंमीला खाच आहे, त्यामुळे फळी वरखाली करणं दहा मिनिटांचं काम. पुड्याच्या डोक्यावर चार-पाच सेंमी, म्हणजे हाताचा पंजा आत जाऊन पुडा वर उचलता येईल एवढीच जागा सोडा. वाचलेल्या उंचीत बहुतेक वेळा एक जास्तीची फळी बसते.

आडपट्टी स्वतःच सरकते

बाजारात ॲक्रिलिकच्या, तारेच्या आणि चुंबकाच्या आडपट्ट्या मिळतात. चुंबकाच्या पट्टीवर मी बराच खर्च केला आणि पस्तावलो. चुंबक वर ओढायला गेलं तर घट्ट वाटतं, पण बाजूने ढकललं की सरकतं. आणि पुड्यांचा रेटा बाजूनेच येतो. हलक्या मालाला, म्हणजे टूथब्रश, टिकल्या, रिबिनींना ती चालते. मसाल्याला, साबणाला नाही. आणि स्टीलच्या काही प्रकारांना, काचेला, लाकडाला चुंबक चिकटतच नाही, तेव्हा घेण्याआधी घरच्या फ्रिजवरचं चुंबक फळीला लावून बघा.

दुहेरी चिकटपट्टीचा विचार करत असाल तर एवढं सांगतो: पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे महिन्यात तिचा डिंक पातळ होतो, आणि पिठाच्या धुळीवर तर ती पहिल्यापासून धरत नाही.

टिकाऊ उपाय दोन. रॅकच्या फळीला पुढे ओठ आणि पाठीला भोकं असतील तर तारेची आडपट्टी घ्या, जी दोन्ही टोकांना अडकते. पुढचं टोक मोकळं असलेली घेऊ नका. भोकं नसतील, फळी लाकडी किंवा कडप्प्याची असेल, तर आडपट्टी बसवायचा नाद सोडा आणि ट्रे करा: एक तळ आणि दोन बाजू, पुढे बोटभर उंचीची कड, पाठ उघडी. सनबोर्डचे तुकडे फ्लेक्स छापणाऱ्याकडे स्वस्तात मिळतात, कटरने कापले जातात. हा ट्रे मालाच्या वजनानेच जागेवर बसतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. नवीन माल भरताना ट्रे ओढून बाहेर काढायचा, नवे पुडे मागून घालायचे, परत आत सरकवायचा. जुना माल आपोआप पुढे राहतो. नाहीतर कितीही सांगितलं तरी गर्दीच्या वेळी पोरगा पुढूनच भरतो, कारण नऊ पुडे काढून मागे नवे ठेवायला त्याला वेळच नसतो. मुदत संपलेले पुडे नेमके मागेच सापडतात ते यामुळे.

बाजूंची उंची पुड्याच्या दोन तृतीयांश ठेवा. 16 सेंमीच्या पुड्याला 10-11 सेंमी. त्याहून कमी केली तर पुडा वरून पलीकडे पडतो. जास्त केली तर पाकिटावरचं नाव झाकतं. पुढचा वरचा कोपरा तिरका कापा. आमच्याकडे सरळ कोपऱ्याला एका वहिनींच्या साडीचा पदर अडकला आणि अख्खा ट्रे खाली आला. त्या दिवसापासून एकही कोपरा टोकदार ठेवलेला नाही.

पुठ्ठ्याच्या आडपट्ट्या तात्पुरत्या ठीक आहेत. पावसाळ्यात मात्र त्या ओल धरून मऊ पडतात, आणि कोकण-घाटमाथ्याच्या हवेत तर जूनअखेर निकामी होतात. भुश्याच्या दाबलेल्या फळ्याही फुगतात.

माप बरोबर आहे तरी चुकीच्या कप्प्यात माल जातो

मग रंग बघा. लाल तिखट, कांदा-लसूण मसाला आणि मटण मसाला, तिन्ही पाकिटं लाल. एकाच कंपनीची असतील तर दोन हातांवरून फरकच कळत नाही. गिऱ्हाईक माल परत ठेवताना नाव वाचत नाही, रंग बघतं. म्हणून दोन लाल पाकिटं शेजारी येऊ देऊ नका. आमचा क्रम आता असा आहे: तिखट, मग हळद, मग कांदा-लसूण, मग धनेपूड, मग मटण मसाला. लाल, पिवळं, लाल, हिरवं, लाल. एवढ्या एका बदलाने जे झालं ते कितीही चिठ्ठ्या चिकटवून झालं नव्हतं. साबणांनाही हेच लागू पडतं, आणि चहाच्या पुड्यांना तर फारच.

दुसरं कारण रिकामा कप्पा. एखादा माल संपला की शेजारचा माल तिथे पसरतो; बरेचदा पोरंच पसरवतात, फळी रिकामी दिसू नये म्हणून. चार दिवसांनी माल आला की त्याला जागा नसते, मग तो मिळेल तिथे लागतो आणि आठवड्यात अख्ख्या रॅकची घडी मोडते. रिकाम्या कप्प्यात आम्ही लाल पुठ्ठ्याचा तुकडा उभा करतो. गल्ल्यावरून तो दिसतो, म्हणजे काय मागवायचं तेही कळतं. कप्पा भरायचा नाही, हे घरातल्यांनाही सांगावं लागतं.

तिसरं, कंपन्यांचे सेल्समन. आपला माल डोळ्यांसमोर यावा म्हणून ते स्वतः रॅकला हात लावतात आणि शेजारच्याचा कप्पा ढकलून आपला रुंद करतात. भांडायची गरज नाही. माल काउंटरवर उतरवून घ्यायचा आणि रॅकवर आपणच लावायचा, एवढा नियम पुरतो.

पुड्याचं मापच बदलतं

दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा दहाचाच राहतो, पण वजन घटतं आणि पुडा अर्धा सेंमी बारीक होतो. वर्षापूर्वी मोजून पाडलेला कप्पा मग सैल होतो. म्हणून बिस्किटं, वेफर्स, साबण यांच्या आडपट्ट्या कायमच्या ठोकू नका. दर दिवाळीच्या साफसफाईला मोजपट्टी फिरवा.

किमतींनीही असाच घोळ होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, आणि एकाच कप्प्यात दोन छापील किमतींचा माल आला. काउंटरवर रोज वाद. त्यासाठी त्या कप्प्यात मधोमध एक पिवळी आडपट्टी घातली, डावीकडे जुनी किंमत, उजवीकडे नवी, आणि दोन्हींवर आता प्रत्यक्ष काय घेणार ते मोठ्या अक्षरात लिहिलं. जुना माल संपला की पट्टी काढली. कंपनीने किंमत बदलली की अजूनही तीच पिवळी पट्टी बाहेर निघते.

किमतीची चिठ्ठी कप्प्याच्या मध्यावर न लावता डाव्या कडेला, आडपट्टीला लागून लावा. मध्यावरची चिठ्ठी नेमकी कोणाची ते फळी भरल्यावर कळत नाही. डाव्या कडेची चिठ्ठी इथून कप्पा सुरू होतो असं सांगते.

सणांच्या दिवसांत घडी मोडते

वर्षभर भगरीला एक कप्पा पुरतो. श्रावण लागला की चार लागतात. साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ यांनाही तसंच. आयत्या वेळी जागा करायला गेलं की सगळी फळी मोडते. आम्ही आषाढी एकादशीच्या आधी एक अख्खी फळी उपवासाची म्हणून मोकळी करतो आणि तिथली संथ विकणारी पाकिटं निम्म्या खोलीवर आणतो: ट्रेमध्ये मागे रिकामा खोका ठेवायचा, पुढे चारच पुडे. फळी भरलेली दिसते आणि माल मागे हरवत नाही. गणपतीत तीच फळी गूळ, खोबरं, कापूर आणि वातींची होते, दिवाळीत भाजणी, पोहे, डाळं आणि उटण्याची.

तिथे एक काळजी घ्या. कापूर, अगरबत्ती, उटणं, साबण यांचा वास चहा, रवा आणि मैद्याला लागतो. एकाच फळीवर आडपट्टी घालून काही होत नाही, वास पट्टीला जुमानत नाही. खाण्याचं एका रॅकवर, वासाचं दुसऱ्या रॅकवर. आमच्याकडे एका गणपतीत चहाचा अख्खा खोका परत आला होता. लोकांनी घरी जाऊन चहा केला आणि त्याला अगरबत्तीचा वास.

ट्रे महिन्यातून एकदा उचलून खालची फळी पुसा. साखर-गुळाचे कण आडपट्टीच्या मुळाशी साचतात आणि मुंग्यांची रांग तिथूनच लागते.

कुठून सुरुवात करायची

सगळे रॅक एकदम काढू नका. सर्वांत जास्त विस्कटणारी एक फळी निवडा आणि तीन दिवस रात्री सरळ करण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढा. तिन्ही फोटो शेजारी ठेवले की तोच माल त्याच जागी पडलेला दिसेल. पुडे बाजूला पडलेत तर रुंदी चुकली. आत घुसलेत तर खोली जास्त. वरून पडलेत तर उंची जास्त. परका माल पुढे उभा आहे तर कप्पा गच्च भरला होता किंवा शेजारच्याचा रंग सारखा आहे. तेवढंच एक दुरुस्त करा आणि पुन्हा तीन दिवस बघा.

आमची रात्रीची पाऊण तासाची आवराआवर आता बारा-पंधरा मिनिटांवर आली आहे. त्यातलाही बहुतेक वेळ हवेने फुगवलेल्या वेफर्सच्या पाकिटांवर जातो. ती कुठल्याही ट्रेमध्ये उभी राहत नाहीत. पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा सरकतात. दहाची पाकिटं आम्ही क्लिपच्या पट्टीवर टांगायला लागलोय, ती तिथे बरी राहतात. मोठ्या पाकिटांसाठी जाळीची उंच टोपली करून बघतोय. दोन आठवडे झाले, अजून एकही पाकीट मसाल्याच्या फळीवर सापडलेलं नाही.